काळा कोट आणि दिल्लीची गाडी

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा सोडला आणि चक्रावलोच. एरवी माझ्याकडे काय येतं, तर बांधाची भांडणं, भाडेकरू घर सोडत नाही, भाऊ सही देत नाही. यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं दिल्लीविषयी, म्हणजे संसदेविषयी. कारण उघड आहे. जुलै २०२५ मध्ये ॲड. उज्ज्वल निकम राष्ट्रपतींच्या नियुक्तीने राज्यसभेवर गेले आणि पाठोपाठ ऑगस्टात आपल्या कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं. आमची जमात एकदम उजेडात आली. बावन्न वर्षं वकिलीची सनद बाळगून आहे, रस्त्यात थांबवून कुणी वकिलांविषयी एवढं कौतुकाने विचारल्याचं आठवत नाही. तेव्हा बांध या खेपेला राहू देत बाजूला.

गडहिंग्लजहून एक विद्यार्थिनी लिहिते: "मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला पुढे खासदार व्हायचंय. घरचे म्हणतात, आधी दहा-पंधरा वर्षं कोर्टात नाव कमव, मग राजकारणाचं बघ. बाबा सारखं बॅरिस्टर नाथ पैंचं उदाहरण देतात. आधी वकिली करावी की नाही?"

पोरी, बाबांना माझा नमस्कार सांग. पण उदाहरण त्यांनी अर्धंच दिलंय.

नाथ पै वेंगुर्ल्याचे, जन्म १९२२ चा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग बघितला, मग इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत पोचले तेव्हा वय होतं चौतीस. १९६२ ला परत निवडून आले, १९६७ ला परत. 'बॅरिस्टर' ही उपाधी नावाला जन्मभर चिकटून राहिली, पण नाव झालं ते लोकसभेत. तुझ्या घरच्यांची पंधरा वर्षांची अट त्यांना घातली असती, तर त्यांची संसदेतली सगळी कारकीर्द त्या अटीतच संपली असती. १९७१ च्या जानेवारीत ते गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

मी त्यांना एकदाच ऐकलंय. १९६७ ची निवडणूक, मी एकोणीस वर्षांचा, सावंतवाडीकडे मामाच्या गावी गेलेलो. सभा रात्रीची. भाषणातलं एक वाक्यही आज आठवत नाही, खोटं कशाला सांगू. आठवतो तो मामा. त्याला दर दहा मिनिटांनी विडी लागायची. त्या रात्री सभेला बसताना कानावर ठेवलेली विडी घरी येऊन पाय धुईपर्यंत कानावरच होती.

पण तुझ्यासाठी भाषणापेक्षा त्यांचं एक विधेयक महत्त्वाचं आहे. त्याच निवडणुकीच्या धामधुमीत, २७ फेब्रुवारी १९६७ ला, सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्ती बसले होते, निकाल लागला सहा विरुद्ध पाच. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही, घटनादुरुस्ती करूनसुद्धा नाही, असं ठरलं. सरकारची पंचाईत झाली. आणि उत्तर घेऊन उभा राहिला कोण, तर विरोधी बाकावरचा प्रजासमाजवादी खासदार. नाथ पैंनी खाजगी विधेयक मांडलं की घटनेचा कुठलाही भाग, मूलभूत हक्कांसकट, बदलायचा अधिकार संसदेला आहे. ते विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे गेलं, त्यावर देशभर वाद झडला, बारच्या खोल्यांमधून लोक तावातावाने भांडले. मंजूर मात्र ते कधीच झालं नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली, तसं विधेयकही गेलं. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारीला, बेळगावात नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून जवळपास तीच गोष्ट स्वतःच्या नावाने केली.

माझं मत विचारशील तर मी तेव्हाही त्या विधेयकाच्या विरुद्ध होतो आणि आजही आहे. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी जे ठरलं, की बदल करा पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावू नका, ते मला पटतं. त्याच वर्षी मला सनद मिळाली, म्हणून असेल कदाचित. दोन वर्षांनी आणीबाणी आली आणि बेलगाम संसद काय करू शकते ते सगळ्यांनीच बघितलं. पण पटो न पटो, एका वकिलाने विरोधी बाकावर बसून अख्ख्या देशाला घटनेच्या एका कलमावर चार वर्षं बोलायला लावलं. हाताशी मंत्रालय नाही, सचिव नाहीत.

खाजगी विधेयक म्हणजे काय चीज आहे हेही समजून घे. मंत्री नसलेला कुठलाही सदस्य ते मांडू शकतो. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. तोवर निम्मे सदस्य विमानतळाच्या वाटेला लागलेले असतात. स्वातंत्र्यापासून आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तेही एका कायदेवाल्याचंच, आनंद नारायण मुल्ला यांचं. आधी वकील, मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मग लखनौहून अपक्ष खासदार. फौजदारी अपील सर्वोच्च न्यायालयात नेण्याची वाट त्यांनी रुंद करून घेतली. खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने जन्मठेप ठोठावली, तर आता त्याला वर दाद मागायचा हक्क आहे. तुरुंगात बसलेल्या किती जणांना तो हक्क कुणी मिळवून दिला हे ठाऊक असेल?

आता तुझा मूळ प्रश्न. पंधरा वर्षं नको, पण जिल्हा कोर्टात पाच वर्षं बसच. बोलायला शिकायला म्हणून नव्हे. बोलणं तुला येतंच, पत्रावरून कळतंय. कागद वाचायला शीक. आमच्या सीनिअरनी पहिलं वर्षभर मला कोर्टापुढे तोंड उघडू दिलं नाही. तारखा घ्यायच्या, रोजनामा उतरवायचा, फायली शिवायच्या आणि संध्याकाळी ऑफिसात खरेदीपत्राच्या चतुःसीमा मोठ्याने वाचायच्या. एकदा 'पूर्वेस ओढा' असताना मी घाईत 'पश्चिमेस' वाचलं. साहेबांनी पोऱ्याला हाक मारून माझ्यापुढचा चहा उचलायला लावला. तो ओढा मी अजून विसरलेलो नाही. संसदेत विधेयकाचा मसुदा हातात पडतो तेव्हा हाच डोळा लागतो, आणि तो भाषणाच्या स्पर्धेत तयार होत नाही.

यशवंतराव चव्हाणांचं उदाहरणही बाबांना सांग. आपल्या राजाराम कॉलेजात शिकले, १९४१ ला वकिलीची परीक्षा झाली, कऱ्हाडला थोडी वकिली केली आणि बेचाळीसने सगळं उधळून लावलं. पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या वकिलीचे दिवस मोजायला बसलीस तर बोटंही पुरून उरतील.

राजारामपुरीतून एक निवृत्त शिक्षक: "नियुक्त खासदारांमध्ये वकिलांसाठी जागा असते का? आणि खासदार झाल्यावर कोर्टात उभं राहता येतं का? आमच्या कट्ट्यावर यावरून पैज लागली आहे."

गुरुजी, पैज कशाची आहे ते लिहिलं नाहीत. मिसळीची असेल तर निम्मी मिसळ तुमची, निम्मी समोरच्याची.

घटनेच्या ८० व्या कलमात राष्ट्रपतींना बारा सदस्य नेमायचा अधिकार आहे. साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतली जाणकार माणसं, असे शब्द आहेत. त्यात वकिली कुठेच नाही. घटना लिहिणाऱ्यांत वकिलांचा एवढा भरणा असताना आमचा धंदा यादीत नाही याची मला मौज वाटते. कदाचित त्यांना वाटलं असेल, हे कसेही करून येतीलच. निकमसाहेबांची वाट बघा. २०२४ ला मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात लोकसभेला उभे राहिले, वर्षा गायकवाडांकडून हरले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींच्या नियुक्तीने राज्यसभेत गेले. हारल्या माणसाला मागच्या दाराने का नेता, असं कुणी म्हणतं. त्यावर उत्तर असं की घटनेने ते दार बांधलंच आहे, आत कोण येतो याचा हिशेब नेमणाऱ्याने द्यायचा.

कोर्टात उभं राहण्याचं म्हणाल तर हो, राहता येतं. बार कौन्सिलचा ४९ क्रमांकाचा नियम आहे की वकिलाने पूर्ण वेळ पगारी नोकरी करू नये. आमदार-खासदार पगार घेतात, मग त्यांची वकिली बंद करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २५ सप्टेंबर २०१८ ला ती फेटाळली गेली. खासदार कुणाचा नोकर नाही, सरकार आणि तो यांच्यात मालक-नोकराचं नातं नाही, असं न्यायालय म्हणालं. मंत्री झाला की मात्र कोट खुंटीला.

कायद्याने चालतं हे झालं. शोभतं का, हा निराळा प्रश्न. सकाळी सभागृहात एखाद्या कायद्यावर मत द्यायचं आणि दुपारी सर्वोच्च न्यायालयात त्याच कायद्यावर कंपनीकडून युक्तिवाद करायचा, हे मला रुचत नाही. पण कट्ट्यावरची पैज माझ्या रुचीवर नव्हती, त्यामुळे मिसळ आणि कट तुम्ही आपसात वाटून घ्या.

इचलकरंजीतून एक यंत्रमागधारक: "वकील एवढे बोलके असतात. मग लोकसभेत गेले की गप्प का होतात?"

नव्वदच्या दशकात बेंचच्या मागणीसाठी आम्ही काही वकील दिल्लीला गेलो होतो. काम झालं नाही, पण एका खासदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. तेव्हा जुनी गोल इमारत. पिशव्या, छत्र्या, वर्तमानपत्रं सगळं बाहेर जमा केलं. आत बसल्यावर सवयीने मी पायावर पाय टाकला तर पहारेकऱ्याने खांद्यावर बोट ठेवलं. इथे पाय खाली. खाली सभागृहात बघतो तो एक सदस्य पोटतिडकीने बोलतोय, समोर पंचवीस-तीस डोकी, त्यातली दोन एकमेकांशी कुजबुजताहेत, एक फाईल चाळतोय. तीन मिनिटांत घंटा वाजली. बोलणारा अर्ध्या वाक्यात खाली बसला. आमच्यातला एक सांगलीचा वकील हळूच म्हणाला, "ह्यापेक्षा आमचा जेएमएफसी (तालुक्याचा मॅजिस्ट्रेट) बरा, निदान मान तरी हलवतो."

त्या शेऱ्यात सगळं आलं. कोर्टात न्यायाधीशाला तुमचं ऐकावंच लागतं, ते त्याचं कर्तव्य आहे, आणि निकालात तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. केशवानंद खटला अडुसष्ट दिवस चालला, याचिकाकर्त्याचे वकील नानी पालखीवाला कितीतरी दिवस उभे राहून बोलले. लोकसभेत वेळ पक्षाला मिळतो, त्याच्या संख्येच्या प्रमाणात, आणि पक्ष तो आपल्या माणसांत वाटतो. पहिल्यांदा निवडून आलेल्याच्या वाट्याला शेवटची चिमूट. प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तरासाठी दिवसाला वीस प्रश्न निघतात, तेही सोडतीने, आणि त्यातले पाच-सहा झाले तरी खूप. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, काढला की मत त्याप्रमाणेच. वकिलाला न पटलेलं वकीलपत्र परत करता येतं, खासदाराला करता येत नाही. केलं तर सदस्यत्व जातं.

म्हणून गप्प बसलेला प्रत्येक खासदार रिकामा असतो असं समजू नका. खरं काम विधेयकं तपासणाऱ्या स्थायी समित्यांत चालतं. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे माणसं एकमेकांचं ऐकतात. त्याचा एक नमुना शेवटच्या पत्राच्या उत्तरात देतो.

चिपळूणहून एक पक्षकार (शब्द त्यांचाच): "सर्किट बेंच व्हायला एवढी वर्षं का लागली? आमचे सहा जिल्ह्यांचे खासदार काय करत होते?"

खासदारांवर राग काढण्याआधी कायदा बघा. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा, कलम ५१. त्यातलं पोटकलम दोन सांगतं, कायम खंडपीठ हवं असेल तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो. पोटकलम तीन सांगतं, मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीने दुसऱ्या ठिकाणीही न्यायमूर्ती बसवू शकतात. औरंगाबादला १९८१ साली याच तिसऱ्या पोटकलमाने सुरुवात झाली, १९८४ ला ते कायम झालं. कोल्हापूरलाही तीच वाट लागू पडली. म्हणजे लोकसभेत ठराव करून हे काम होणारं नव्हतं, चावी मुख्य न्यायमूर्तींच्या हातात होती. खासदार पत्रं देऊ शकत होते, भेटी घालून देऊ शकत होते, आणि ते अनेकांनी केलंही. तरी दारात उभं राहून दार वाजवत राहिले ते सहा जिल्ह्यांतले वकील. काम बंद, साखळी उपोषण, मोर्चे, चार दशकांहून जास्त. त्या काम बंदच्या दिवसांत पुढे गेलेल्या तारखांचा त्रास पक्षकारांनी सोसला, हेही इथे कबूल करतो.

मुंबईच्या खेपा मी किती केल्या ते मोजले नाहीत. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी व्हीटीला उतरायचं, स्टेशनवरच दाढी, फाईल काखेत मारून फोर्टपर्यंत पायी. दुपारी कळायचं, बोर्डावर आपला नंबर आलाच नाही. पक्षकार सोबत असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. एक म्हातारी दरवेळी घरून दशम्या बांधून आणायची, माझ्यासाठीही. तिचं अपील निघालं तेव्हा ती नव्हती.

१७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं, १८ ला काम सुरू. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला गेल्यापासून त्या बाजूला माझं जाणं कमी झालं होतं. त्या सकाळी गेलो आणि ज्या पायरीवर ज्युनिअर असताना डबा खायचो त्या पायरीवर जरा टेकलो. एका तरुण वकिलाने विचारलं, "काका, कुणाची केस?" म्हटलं, कुणाची नाही.

जयसिंगपूरहून एकाने फक्त एक ओळ लिहिली: "खासदाराला पगार किती?"

महिन्याला १,२४,००० रुपये, १ एप्रिल २०२३ पासूनचा दर. भत्ते वेगळे. स्थानिक विकास निधीचे वर्षाला पाच कोटी येतात ते त्यांचे नव्हेत, तुमचे. तुमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर कुणाच्या निधीचा फलक आहे ते बघा.

कागलहून एक ग्रंथपाल: "बाबासाहेबांसारखे कायदेपंडित लोकसभेची निवडणूक हरले हे मुलांना सांगितलं की पटत नाही. मग कायदा शिकून दिल्लीत जाण्याला अर्थ काय, असं विचारतात. तुम्ही स्वतः का नाही प्रयत्न केला?"

तुमच्या गावाचा या गोष्टीत मान आहे, तिथून सुरू करतो. मार्च १९२० मध्ये, तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. शाहू महाराज स्वतः आले होते. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर झालेले नव्हते. ते शिक्षण पुरं करायला त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले, १९२२ ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, १९२३ पासून मुंबईत वकिली. म्हणजे पुढारी आधी, वकील नंतर.

हरले हे खरं आहे, आणि दोनदा हरले. १९५२ ला मुंबईत नारायण काजरोळकरांकडून, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. मधल्या काळात राज्यसभेवर गेले आणि शेवटपर्यंत तिथे होते. घटना समितीत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि उत्तरं द्यायला बहुतेक वेळा उभे राहिले ते हेच. त्या माणसाला मतदारांनी घरी बसवलं. मुलांना पटत नसेल तर चांगलं आहे, पटू नयेच.

पण अर्थ काय, या प्रश्नाला माझ्याकडे कपाटातलं उत्तर आहे. १९५१ साली हिंदूंच्या लग्न-वारशाचे नियम बदलणारं हिंदू कोड बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं. पुढे तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये मंजूर झालं. संसदेत ते पुढे नेणारे होते हरी विनायक पाटसकर, खानदेशातले वकील. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव क्वचित दिसतं. तरीही एक गोष्ट राहिलीच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ ला तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. अखेर ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा कायदा आला. लग्न कधीही झालेलं असो, मुलगी मुलाच्या बरोबरीने.

आता त्या कायद्यातली एक ओळ बघा. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी उकरायची नाही. बिल राज्यसभेत मांडलं ती ही तारीख. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो हे कुठल्याही तालुक्याच्या वकिलाला विचारा. भाऊ सांगतात, वाटणी ना, ती झाली की, दोन हजार एकलाच झाली. कागद कुठाय? कागद कशाला, तोंडी झाली, दादांनी अंगणात बसून केली. सगळ्या खानदानाच्या तोंडी वाटण्या २० डिसेंबर २००४ च्या आधीच झालेल्या! पण स्थायी समितीने बिलावर अहवाल देताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं. वाटणी म्हणजे काय ते कायद्यातच लिहा, नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तरच वाटणी धरा. कायद्यात शेवटी तसं स्पष्टीकरण आलं. बंद खोलीत कुणीतरी आमच्या अंगणातला दादा ओळखला होता.

करवीर तालुक्यातल्या एका बाईंचा दावा माझ्याकडे होता. लग्न १९८८ चं, तीन भाऊ, ऊस पावणेचार एकर. भावांची कैफियत तीच, तोंडी वाटणी. उलटतपासात थोरल्याला विचारलं, तुमच्या हिश्शाला कुठला तुकडा आला? म्हणाला विहिरीकडचा. धाकट्याला विचारलं, तोही म्हणाला विहिरीकडचा. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून हसू आवरत होत्या. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तर, २००५ ला वडील हयात असायची गरज नाही, हेही साफ केलं. बाईंना चौथा हिस्सा मिळाला. ऊस त्या स्वतः लावतात, टोळीच्या मुकादमाशी स्वतः भांडतात. तुमच्या मुलांना हे सांगा.

आता माझं. प्रयत्न केला होता, दिल्लीचा नव्हे, वॉर्डाचा. अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी. पंधरा दिवस गल्लीबोळ फिरून मी लोकांना महापालिका कायद्याची कलमं समजावून सांगितली. लोक चहा द्यायचे, ऐकायचे आणि विचारायचे, साहेब ते ड्रेनेजचं कधी? मी सांगायचो, कलम अमुकप्रमाणे ती जबाबदारी प्रशासनाची. मतं पडली दोनशे अकरा, अनामत गेली. बायको म्हणाली, "दोनशे अकरा लोकांना ड्रेनेज नसावं." निकालाच्या रात्री तोंड लपवून ऑफिसात बसलो होतो तर आमचा कारकून आला, टेबलावर फाईल ठेवली आणि म्हणाला, "साहेब, उद्या बोर्डावर चार नंबरला हाय. साक्षीदाराला गाडीभाडं दिलंय."

एक सूचना. पत्रासोबत सातबाऱ्याची, खरेदीपत्राची मूळ प्रत पाठवू नका, झेरॉक्स पुरे. गेल्या महिन्यात दोघांनी मूळ कागद पाठवलेत, एक भुदरगडचा आणि एक शाहूवाडीचा. येऊन घेऊन जावेत. दुपारी अडीचनंतर मी ऑफिसात असतो.